शनिवारी मशीन विचारतं

३ मार्च

साबणाच्या कंपनीने वही दिली ती मागच्या वर्षीची. इतकी वर्षं त्यांचा साबण पोत्यांनी आणतो आम्ही, आणि देताना गोदामात उरलेलं गळ्यात मारलं. छापलंय रविवार, आहे सोमवार. रविवार खोडून सोमवार लिहिला. आता वर्षभर रोज एक वार खोडत बसायचं. फेकणार मात्र नाही. कागद चांगला आहे.

असो. वहीला आधी नमस्कार करायचा असतो, असं नात म्हणते. नमस्कार. झालं?

नात काल गेली. परगावी नोकरी लागली तिला. जाताना दोन कामं लावून गेली. एक ही वही लिहायची, म्हणजे म्हणे मी तिच्या आईला कमी बोलेन. दुसरं काम काउंटरवरच्या मशीनचं.

आमची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, तिथे मी. मधे इस्त्रीची टेबलं, तिथे चिरंजीव. मागे धुलाईची मशीनं आणि वाळवणाची खोली, तिथे सून. ही व्यवस्था मी लावली आणि ती चांगली चालली आहे. काउंटरवर नातीने कॉम्प्युटर बसवला. कुठल्याशा ऑफिसाने टाकून दिलेला, पण चालतो. त्यातून कापडी चिठ्ठ्या छापून निघतात, त्या गठ्ठ्यांना टाचायच्या. चिठ्ठी नसली तर हॉटेलची चादर दवाखान्यात जाईल आणि डॉक्टरांचा कोट न्हाव्याच्या दुकानात. शिवाय हॉटेलवाल्यांचं एक पान त्यात उघडतं. किती चादरी आल्या, किती टॉवेल गेले, ते तिथे भरायचं.

मशीन जुनं असलं तरी आतून ते चालवणारी प्रणाली नातीने नवी घातली, तीही फुकटातली. मी विचारलं, कुठली? म्हणाली, युनिक्सच्या घराण्यातली. घराणं बरं आहे का, असं विचारलं तर म्हणते, "आजी, आपल्याला तिथे मुलगी द्यायची नाहीये."

काम असं. दर शनिवारी दुपारी काळा पडदा उघडायचा आणि तिने शिकवलेला एक शब्द टाइप करायचा. मग मशीन बघून येतं, की आपल्याकडे आहे त्यातलं काय काय बाहेर दुरुस्त झालं, काय नवं निघालं. यादी दाखवतं आणि प्रश्न विचारतं. आपण उत्तर द्यायचं. याला अपडेट म्हणतात.

मी म्हटलं, "तूच कर की तिकडून. तुझंच पिल्लू आहे."

"येतं करता. देतेस परवानगी?"

"अजिबात नाही. लांबून कुणी माझ्या मशीनमध्ये हात घालायचा नाही."

"मग तू कर."

पासवर्ड मला एकटीला दिला आहे. मी मेल्यावर बाकीच्यांना मिळेल.

८ मार्च (छापलंय शुक्रवार, आहे शनिवार)

पहिलं अपडेट केलं. उगाच बाऊ करतात. शब्द टाइप केला, भराभर ओळी धावल्या, मग ही लांबलचक यादी. खाली प्रश्न. इंग्रजी मला येत नाही, पण अक्षरं येतात, रोज चिठ्ठ्यांवर बघते. वाय म्हणजे हो आणि एन म्हणजे नाही, हे नातीने सांगून ठेवलं आहे. प्रश्नाच्या शेवटी दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी होती. वाय बारीक, एन मोठा. म्हणजे मशीनलाही मनातून ते सामान नकोच आहे, विचारायची रीत म्हणून विचारतंय. एन दाबला. चुटकीसरशी उरकलं.

संध्याकाळी नातीचा फोन. "केलंस का गं?"

"केलं."

"सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस?"

"दिली."

"शाबास, आजी! मला वाटलं नव्हतं तू करशील."

न वाटायला काय झालं? उत्तर देण्यात मी आयुष्यात कधी मागे पडलेली नाही.

आज सुनेनेही विचारलं. हॉटेलचे पडदे धुवायला घ्यावे का? पडदे जड, वाळायला दोन दोऱ्या अडवतात, आटले तर बोंबाबोंब. नाही म्हटलं. तीही चुटकीसरशी गेली मागे.

१५ मार्च, शनिवार

मशीनने विचारलं. एन.

सुनेने पडद्यांचं परत काढलं. नाही.

गोडबोल्या येऊन गेला. चौकात कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं. प्रत्येक वाक्य साखरेत घोळून काढतो. "आजीबाई, तुमच्या हाताखाली एवढा मोठा व्यवसाय, आणि हा डबा? शोभत नाही हो." मी म्हटलं, मीही जुनीच आहे, मला पण बदलून घेतोस का? रंगीत कागद ठेवून गेला. त्या कागदावर आता स्टार्चचा डबा ठेवते, टेबलाला डाग पडत नाही.

५ एप्रिल, शनिवार

यादी वाढत चालली आहे. पहिल्यांदा पडद्यावर मावत होती, आता वर पळून जाते. शेवटी प्रश्न तोच. मशीनला चिकाटी आहे, हे मान्य करायला हवं. दारावरचा विक्रेता दोनदा नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करतो. हे दर शनिवारी पहिल्यासारखंच सभ्यपणे विचारतं. आवाज चढवत नाही, की आजीबाई म्हणत नाही. मला आवडू लागलं आहे.

एन.

२२ एप्रिल, मंगळवार

नातीचा मोठा फोन. मी विचारलं, हे अपडेट एकदा करून भागत का नाही? कायमचं धुऊन काढ एकदा.

म्हणाली, प्रोग्रॅमात भोकं सापडत राहतात. चोर ती शोधतात, भले लोक ती बुजवतात, आणि ते बुजवणं आपल्याकडे आणणं म्हणजे अपडेट.

मी म्हटलं, वापरल्याशिवाय भोक कसं पडेल? आमचं मशीन दिवसातून मोजक्या चिठ्ठ्या छापतं.

ती म्हणाली, "कपाटात नुसती ठेवलेली चादर घडीवर पिवळी पडतेच ना, आजी?"

हे पटलं. घडीवरचा पिवळा डाग काढताना माझी उभी हयात गेली. मग वाटलं, बरं झालं आपण दर शनिवारी न चुकता करतो. गल्लीत एवढं नेमाने कुणी करत नसेल.

१० मे, शनिवार

यादी. प्रश्न. एन.

पडदे. नाही. आज सुनेने कारण विचारलं, हे नवीन. "आई, दोऱ्यांचं मी बघते. आटणारं कापड आधी तपासते. मग अडचण काय?" अडचण काय ते मला लगेच सुचलं नाही, म्हणून म्हटलं, मागे मशीन थांबलंय, बघ जा. थांबलं नव्हतं.

२९ मे, गुरुवार

हॉटेलचं पान उघडत नाही.

सकाळी गठ्ठे आले, आकडे भरायला बसले, तर पांढऱ्या पडद्यावर लाल चौकोन. सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली, काउंटरच्या बाहेर उभी राहूनच तिने वाचलं. म्हणाली, "तुमचा ब्राउझर फार जुना आहे, सुरक्षित नाही, म्हणून पान दाखवता येत नाही, असं लिहिलंय." ब्राउझर म्हणजे पानं उघडणारा प्रोग्रॅम.

मी म्हटलं, जुना कसा असेल? दर शनिवारी करतो आपण.

हॉटेलच्या बाईंना फोन लावला. चादरी-टॉवेलांचा सगळा कारभार त्या बघतात. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यावर नवे साहेब बसले आहेत. म्हणाल्या, "आजी, आमचं पान बदललंय, जास्त कडक केलंय. तुमच्या चिठ्ठीवर माझा विश्वास आहे हो, पण साहेबांचं म्हणणं, पानावर नोंद नाही तर माल नाही. सोमवारी सकाळपर्यंत उघडलं नाही, तर चादरी मोठ्या लॉन्ड्रीकडे जातील. त्यांच्या गाड्या कधीपासून दारात घुटमळताहेत."

हॉटेल गेलं तर आमची निम्मी मशीनं बंद पडतील. मग सून मागे कशाला, आणि चिरंजीव इस्त्रीवर तरी कशाला? घरात जेवताना कुणी बोललं नाही. एरवी मला ते आवडतं. आज नाही आवडलं.

३० मे, शुक्रवार

नातीला सांगितलं. ती कामावर होती, आवाज दबका.

"पण तू अपडेट करतेस ना?"

"एक शनिवार चुकवला नाही."

"मग माझंच काहीतरी चुकलंय. कुठून आणायचं तो पत्ताच चुकीचा दिला असणार मी. आजी, सॉरी. उद्या सुट्टी आहे, बघू बसून."

पोर रडवेली झाली होती. मी समजूत घातली, की चुका होतात, तुझं वय काय, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. चिरंजीवांनाही सांगितलं, तिला कुणी बोलायचं नाही. मोठ्यांनी पोटात घालायला पाहिजे.

गोडबोल्याला कुठून वास लागला कोण जाणे. दारात हजर. "आजीबाई, मी आधीच म्हटलं होतं." चिरंजीव त्याचा कागद शोधू लागले. स्टार्चच्या डब्याखाली आहे, हे मी सांगितलं नाही.

३१ मे, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी आपल्या सोयीने सांगायला नको.

दुपारी नातीचा फोन काउंटरवर मोठ्या आवाजात लावून ठेवला. ती म्हणाली, पडद्यावरचं वाचून दाखव. मी एकेक अक्षर वाचू लागले. अर्ध्या ओळीत ती म्हणाली, "आजी, आईला बसव ना. ती भरभर वाचेल."

माझ्या खुर्चीवर आजवर कुणी बसलं नव्हतं. उठले. पासवर्ड मात्र मीच घातला, हाताचा आडोसा करून. सून बसली. अगदी कडेवर बसली, खुर्ची तापलेली असल्यासारखी. यादी आली. संपता संपेना. शेवटी प्रश्न आला. सुनेने मला विचारलं, "आई, नेहमी काय दाबता?"

"एन. आणखी काय?"

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आजी," नात म्हणाली, "तू दर वेळी एन दाबतेस?"

"मग? ते विचारतं, एवढं सामान आणू का? मी म्हणते, नको. असलेलं चालतंय."

"मार्चपासून?"

"तूच म्हणालीस उत्तर दे. हो म्हण, असं म्हणाली होतीस का? सांग ना. म्हणाली होतीस?"

पलीकडून आधी हुंदका ऐकू आला, मग कळलं की ती हसते आहे. इस्त्रीच्या टेबलापाशी चिरंजीव पाठ करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सून तेवढी हसली नाही. तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले.

माझं म्हणणं आजही हेच आहे की सूचना अर्धवट होती. सांगणाऱ्याने नीट सांगावं.

"आणि तो एन मोठा का असतो मग?" मी विचारलं.

"कारण चुकून बोट लागलं तर काही होऊ नये म्हणून."

बघा. म्हणजे मशीन बनवणारे माझ्याच विचाराचे आहेत.

नात म्हणाली, आता एवढे दिवस गेलेत की आपली प्रणालीच मागची झाली. आधी ती बदलायची, मशीन बंद-चालू करायचं, आणि मग वरचा एकेक प्रोग्रॅम नवा आणायचा. आज सामान उतरवून ठेवू, उद्या बदलू.

मी सुनेला म्हटलं, दाब वाय.

"तुम्ही दाबा ना, आई."

दाबला. बोटाला काही झालं नाही.

१ जून, रविवार

दुकान बंद, आतून मात्र सगळे हजर. फोन लावलेला.

प्रणाली बदलली. मशीन बंद होऊन चालू झालं आणि चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम उघडेना. पानं उघडणाराही उघडेना. नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. काल निदान एक गोष्ट बिघडलेली होती, आज सगळंच बसलं. चिरंजीव म्हणाले, "मी जातो गोडबोल्याकडे, घरी असेल तो." आणि चपला घालू लागले.

नात फोनवरून ओरडली, "बाबा, थांबा! हे असंच होणार होतं. खालचं बदललं, वरचं अजून जुनं आहे. ते एकमेकांना धरत नाहीत."

यावर सून चिरंजीवांना म्हणाली, "बॉयलर बदलला तेव्हा नाही का, सगळे नळ गळायला लागले होते? जुने वॉशर नव्या नळ्यांना बसेनात. तेव्हा तुम्ही बॉयलर परत पाठवलात का? वॉशर बदललेत ना?"

चिरंजीवांनी चपला काढल्या. बाईला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मागे मशीनांच्या आवाजात ऐकू येत नसेल.

मग वॉशर बदलायला सुरुवात झाली, म्हणजे एकेक प्रोग्रॅम. प्रश्नावर प्रश्न. वाय, वाय, वाय. आयुष्यात एवढ्या वेळा हो म्हटलं नव्हतं मी. लग्नात तर कुणी विचारलंच नव्हतं.

मधेच मागून मशीनची शिट्टी वाजली. दवाखान्याचे टॉवेल सकाळीच लावले होते. सून उठायला लागली. मी म्हटलं, बस, मी जाते. किती वर्षांनी मागच्या खोलीत टॉवेल झटकले. दोऱ्या तिने नव्याने बांधल्यात. भिंतीकडून तिरक्या नेल्यात, मधे माणूस सरळ उभा राहतो आणि वर दोन दोऱ्या रिकाम्या. पडद्यांएवढ्या लांब. मला कुणी सांगितलं नाही.

परत आले तर मशीन पुन्हा बंद-चालू होऊन पुढे सरकलेलं. पासवर्ड घातल्याशिवाय सरकत नाही ते.

"कुणी घातला?"

"मी," सून म्हणाली.

"तुला कुणी सांगितला?"

"टाइप करताना तुम्ही तोंडाने बोलता, आई. पहिल्या दिवसापासून ऐकतेय."

म्हणजे इतके दिवस तिला माहीत होता, आणि हात लावला नाही. असल्या माणसाला शहाणं म्हणायचं की भित्रं, ते अजून ठरत नाही. म्हटलं, चिमटे कुठे ठेवतेस गं, सापडत नव्हते. एवढंच बोलले.

पुढे सुनेचा हात भराभर चालू लागला. प्रश्न आला की वाय, आला की वाय. नातही तिकडून म्हणत होती, "हो म्हण, हो म्हण." मी मागे उभी. एका यादीच्या शेवटी वेगळा ढीग होता, त्यात एकच ओळ. त्यातली अक्षरं मला ओळखीची. रोज सकाळी चिठ्ठ्या छापायच्या आधी पडद्यावर हीच येतात.

"थांब. ते काय म्हणतंय?"

सून वाचून म्हणाली, "हे... काढून टाकायचं म्हणतंय."

"काय? कुणाला विचारून?"

"विचारतंयच ना, आई."

"मग सांग त्याला. एन!"

दाबला तिने. नात विचारायला लागली काय झालं. नाव सांगितल्यावर म्हणाली, "अगं बाई! चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम मी स्वतः बांधलेला, नव्या प्रणालीत त्याला जागा सापडली नाही म्हणून ते काढून टाकत होतं. गेला असता तर सगळी मांडणीही गेली असती. थांबा, नव्याने बांधून पाठवते, मग पुढे जाऊ."

आणून देतो म्हणणाऱ्याला हो म्हणावं, हे मी आता मानते. पण घरातलं उचलून बाहेर टाकायला निघाला, तर त्याला कुणीतरी नाही म्हणणारं लागतं. हे काही मला नव्याने शिकावं लागलं नाही.

ऊन उतरायच्या आत पहिली चिठ्ठी छापून आली. सुनेने ती माझ्या पदराला टाचली. गंमत म्हणे. मी काढली नाही, पिन लागेल म्हणून.

हॉटेलचं पान मात्र आज बंद असतं. ते उद्याच कळेल.

२ जून, सोमवार

उघडलं.

सुनेने आकडे भरले, पानाने हिरवी खूण दाखवली. गठ्ठे उतरवून घेताना चिरंजीव शीळ घालत होते. बेसूर. घालू दिली.

बाईंचा फोन आला. "आजी, दिसली हो नोंद! जीव भांड्यात पडला माझा. साहेब विचारत होते, पडद्यांचंही तुम्हीच घेता का? नाहीतर त्याला वेगळा माणूस बघावा लागेल."

नाही माझ्या जिभेवर आलंच होतं. सवयीचं आहे, आपोआप येतं. सून तिथेच उभी होती, हातात टॉवेलचा गठ्ठा, बघत होती दुसरीकडेच. मी फोन तिच्या कानाला लावला. म्हटलं, मला काय विचारता, मागचं सगळं ही बघते.

ती हो म्हणाली. एकदाच, पण मोठ्याने.

७ जून, शनिवार

सून काउंटर पुसत होती. म्हणते, "आई, अपडेट म्हणजे तुम्ही वहीत करता तेच की. वही तीच, रोज चुकीचा वार खोडून खरा लिहायचा."

"माझी वही वाचतेस तू?"

"वाचत नाही. खोडलेलं लांबूनच दिसतं."

बोलायला लागली आहे फार. पण चूक नाही तिचं.

गोडबोल्या डोकावून गेला. डबा चालू झालेला पाहून त्याची साखर विरघळली. जाताना म्हणाला, पुन्हा येईन. येईलच.

तेव्हा हुकूम लिहून ठेवते. कापडी चिठ्ठीवर छापून पडद्याच्या वर चिकटवला आहे, सगळ्यांनी वाचावा. दर शनिवारी मशीनने आणू का, बदलू का विचारलं, तर खुर्चीवर बसून उत्तर सुनेने द्यायचं, मला विचारायचं नाही. काढून टाकू का विचारलं, तर हात वर आणि मला हाक. आणि गोडबोल्या दारात आला, तर घरातल्या कुणीही तोंड उघडायचं नाही. त्याला उत्तर मीच देणार.